आधी गाऊ द्या, क्लास नंतर

शाळेत मुलांचं गाणं घेते म्हटल्यावर पालक मला जे विचारतात, ते जवळजवळ ठरलेलं असतं. हिचा आवाज बरा आहे का हो? क्लास कुठला लावू? पेटी घेऊ की सिंथेसायझर? सातवं लागलंय, यंदा प्रारंभिकच्या परीक्षेला बसवू का? आणि बाबा आले असतील तर हमखास, ‘आमच्या घरात कुणाच्याच गळ्यात गाणं नाही, ह्याला जमेल का?’ या विचारण्यामागची माया मला दिसते. आपल्याला जे मिळालं नाही ते लेकराला मिळावं, एवढीच इच्छा असते त्यात. म्हणून आज जरा सविस्तर बोलावंसं वाटतं. हे सगळे प्रश्न पुढचे आहेत. त्यांच्या आधी विचारायचा एक प्रश्न राहूनच जातो: आपलं मूल रोज गातं का? शाळेत, बरोबरीच्या पोरांमध्ये बसून, स्वतःच्या गळ्यानं?

पहिली ते चौथीच्या मुलांबद्दल मी बोलते आहे. या वयात गाणं शिकायचं म्हणजे काय, याबद्दल आपल्या मनात मोठ्यांच्या गाण्याचं चित्र असतं: सतरंजी, पेटी, समोर वही, सा रे ग म. सहा वर्षांचं मूल त्या चित्रात बसत नाही. त्याचा गळाच वेगळा असतो. स्वरतंतू आखूड आणि नाजूक, त्यामुळे आवाज पातळ आणि उंच. आरामात गाता येतील असे सूर फार तर पाच-सहा. आपण मोठी माणसं मात्र आपल्या गळ्याला सोयीचा सूर धरतो आणि मुलांना म्हणतो, म्हणा माझ्यामागून. बाईंनी स्वतःच्या सवयीनं काळी चारला सा धरला, तर गाण्याचा खालचा भाग पोरांच्या गळ्यात उतरतच नाही. मग ती बोलल्यासारखं पुटपुटतात. बाईंना वाटतं यांना सूर नाही, आणि त्या म्हणतात, ‘मोठ्यानं म्हणा.’ मुलं मोठ्यानं म्हणतात, म्हणजे ओरडतात. सूर तर बाजूलाच राहतो.

हाच वर्ग, हेच गाणं घ्या आणि सा वर चढवा, पुढच्या सप्तकातल्या काळी एक-काळी दोनच्या आसपास. गाणं सा ते ध एवढ्यातच फिरणारं निवडा, आणि मुलांना हळू आवाजात गायला सांगा. त्याच वर्गातून दुसराच आवाज निघतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि तरीही दर वेळी मला त्याचा आनंद होतो. मुलांचा आवाज गोड असतो असं आपण म्हणतो, पण तो ऐकू यायला आधी त्यांच्या सुरात यावं लागतं.

सकाळचा परिपाठ आठवून पाहा. प्रार्थना, राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीत. कुठल्याही शाळेच्या फाटकाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं तर कळतं की पोरं जोर लावून म्हणताहेत, कारण जोरात म्हणणं म्हणजे चांगलं म्हणणं असं त्यांना शिकवलं गेलं आहे. राष्ट्रगीताची चाल एका सप्तकाहून जराशी जास्तच फिरते. ती वरच्या सुरात सुरू झाली की शेवटच्या जयघोषाला पहिलीचं मूल किंचाळल्याशिवाय पोहोचू शकत नाही. आणि लहान वयात रोज किंचाळण्यानं स्वरतंतूंवर बारीक गाठी येऊ शकतात. मुलांचा आवाज दीर्घकाळ बसलेला राहण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. आपल्या मुलाचा आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर ‘खेळताना ओरडला असेल’ म्हणून सोडून देऊ नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता ‘बेसूर’ या शब्दाबद्दल. कळकळीनं सांगते, हा शब्द दहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी घरात वापरूच नका. सूर ऐकणं आणि तोच सूर गळ्यातून काढणं ही दोन कामं आहेत, आणि त्यांची सांगड सहाव्या वर्षी बहुतेक मुलांची पुरती बसलेली नसते. गायला मिळत गेलं तर सातव्या-आठव्या वर्षापर्यंत ती बसत जाते. ज्यांना सुरांतला फरक खरोखरच ओळखता येत नाही अशी माणसं असतात, पण ती शेकड्यात फार थोडी. बाकीचे आपण जे ‘मला गळाच नाही’ असं म्हणतो, त्यातल्या पुष्कळांना लहानपणी कुणीतरी मागच्या रांगेत उभं केलेलं असतं. ‘तू नुसते ओठ हलव’ असं सांगितलेलं असतं. अशी मोठी माणसं मला भेटतात. पन्नाशी आली तरी ती घरच्या गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवतात, गात नाहीत. एका वाक्यानं माणसाचा आयुष्यभराचा आवाज बंद होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ज्या मुलाला सूर सापडत नाही त्याच्यासाठी करायचं काय? फार अवघड नाही. आपला सूर त्याच्यावर लादण्याऐवजी आधी आपण त्याचा सूर धरायचा. तो ज्या सुरात ‘आ’ म्हणतो तोच सूर त्याच्या कानाशी गायचा. दोन आवाज जुळले की काहीतरी वेगळं घडलं हे त्याला कळतं. डोळे मोठे होतात. मग तिथून एक पायरी वर, आणि तो मागे येतो का ते पाहायचं. ज्यांचा आवाज बोलण्याच्याच पट्टीत अडकून पडलेला असतो, त्यांच्याशी पतंगाचा खेळ खेळायचा: हातानं पतंग वर न्यायचा, आवाजही सरकत वर, पतंग खाली, आवाज खाली. रुग्णवाहिकेचा भोंगा काढायला तर मुलांना सांगावंच लागत नाही. आवाज वर जातो आणि खाली येतो, हे गळ्याला एकदा समजलं की अर्धं काम होतं.

आणखी एक गंमत करून पाहा. अंगणातून किंवा खालच्या मजल्यावरून पोरं एकमेकांना हाक मारतात ती नीट ऐका. नावाची दोन अक्षरं, दोन सूर: पहिला वर, दुसरा जरा खाली. आपल्या सरगमीत सांगायचं तर ते प आणि ग यांच्याइतक्या अंतरावरचे सूर असतात. झोल्तान कोदाय या हंगेरीच्या संगीतकारानं (1882–1967) जी विचारसरणी रुजवली तिच्यात मुलांचं गाणं याच दोन सुरांपासून सुरू होतं. मग ध येतो, मग सा आणि रे. हे पाच सूर एकत्र केले की आपला भूप झाला. त्यात जवळजवळचे, गळ्याला चकवणारे अर्धे सूर नाहीत, म्हणून लहान मुलाला तो पेलतो. कोदाय स्वतः मोठे रचनाकार होते, पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी प्राथमिक शाळेतल्या गाण्यासाठी दिला. रोज गाणं होणारी पहिली प्राथमिक शाळा त्यांच्या जन्मगावी, केच्केमेत इथे, 1950 मध्ये सुरू झाली. वाद्य नंतर, आधी गळा. आणि गाणी मातृभाषेतली, लोकांच्या तोंडची. एवढाच त्यांचा आग्रह होता. मुलांच्या भाषेत जी लय आणि जे चढउतार असतात तेच त्या भाषेच्या लोकगीतात असतात, त्यामुळे गाणं परकं वाटत नाही.

कोदायबद्दल वाचताना मला नेहमी आपला भोंडला आठवतो. कुठल्याही तज्ज्ञानं न बसवलेला तो एक संगीताचा अभ्यासक्रमच आहे. गोल फेर, मधे पाटावर हत्ती, मोजके सूर, ठरलेली पावलं. ओळ किंचित बदलून पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे चार वर्षांची पोरही दुसऱ्या कडव्याला आत शिरते. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकेक भर. स्मरणशक्तीची याहून चांगली बांधणी मी कुठल्या पुस्तकात पाहिली नाही. शेवटी खिरापत ओळखायची, म्हणजे थांबायला कारणही गोड. आज शाळांमध्ये भोंडला होतो, पण पुष्कळ ठिकाणी तो ध्वनिक्षेपकावर वाजतो आणि मुलं फक्त फिरतात. तिथे तेवढं यंत्र बंद करा, अशी विनंती शाळेला जरूर करा. बाईंना दोन गाणी येत नसली तर एखाद्या आजीला बोलवा. आपल्या आज्यांइतकी या विषयाची जाणकार माणसं आपल्याकडे दुसरी नाहीत.

बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यातही गाणं हे सजावटीला नव्हतं. शाळेत न येणाऱ्या मुलाकडे शाळाच त्याच्या अंगणात गेली, आणि गेली ती गाणी, गोष्टी, खेळ घेऊन. मूल ज्या सुरांत वाढलेलं आहे त्यांना शाळेत मान मिळाला की ते शाळेत टिकतं. तारप्याच्या सुरावर घरचे सगळे नाचतात त्या घरातलं मूल ‘असंस्कृत’ कसं? त्याला फेर धरता येतो, लय येते, शेजाऱ्याच्या पावलाला पाऊल जुळवता येतं. संगीताच्या शिक्षकाला याहून तयार विद्यार्थी कुठे मिळणार?

लयीबद्दल थोडं. लहान मुलांची अंगची लय आपल्यापेक्षा जलद असते. म्हणून संथ चालीची प्रार्थना ती ओढत नेतात किंवा पळवतात. त्यात त्यांचा आळस नाही आणि अवज्ञाही नाही. त्यांच्या चालण्याची, उड्या मारण्याची लय धरून सुरुवात करावी. केरव्यावर चालायचं, दादऱ्यावर झुलायचं. आठ मात्रा आणि सहा मात्रा हे शब्द न उच्चारता पहिलीच्या मुलांना या दोन ठेक्यांतला फरक पायांनी कळतो. टाळ, खंजिरी, डफ, लेझीम ही वाद्यं आपल्या गावोगाव आहेत आणि ती लहान हातात बसतात. वारकऱ्यांच्या घरातली मुलं पाचव्या वर्षी भजनी ठेक्यावर टाळ धरतात ते काही क्लासला जाऊन नव्हे.

स्नेहसंमेलनाविषयी मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण पालक म्हणून तुम्ही त्या दिवशी शाळेत असता. महिनाभर तयारी, भाड्याचे कपडे, रंगभूषा, मोबाइल वर धरलेले शंभर हात. सकाळपासून रात्रीपर्यंत गाणी वाजत असतात. त्या अख्ख्या दिवसात किती मुलांचा गळा उघडतो? पेन ड्राइव्हवर चित्रपटातलं गाणं, समोर नाच. बहुतेक गाणी मोठ्यांच्या भावनांची, मोठ्यांच्या आवाजातली. नाचाला माझा विरोध नाही, मुलांनी भरपूर नाचावं. पण सोन्यासारख्या पोरांच्या शाळेत त्यांचा स्वतःचा आवाज एकदाही ऐकू येऊ नये, हे मला पटत नाही. 1953 साली ‘देवबाप्पा’ चित्रपटासाठी गदिमांनी मोराचं एक गाणं लिहिलं, पुलंनी त्याला चाल लावली आणि आशाबाईंनी ते गायलं. बालवाडीतली पोरं आजही ते गातात, कारण ते मुलांसाठी केलेलं आहे. विंदा, पाडगावकर, शांताबाई या थोर कवींनी बालगीतं लिहिली, आणि खळ्यांसारख्या संगीतकारांनी आपलं सगळं कसब ओतून मुलांसाठी चाली लावल्या. एवढं आयतं धन घरात असताना आपण ते वापरत नाही. चाळीस मुलांनी ध्वनिमुद्रण न लावता, एका ढोलकीवर आणि एका पेटीवर, दोन गाणी म्हटली तर कार्यक्रम कमी देखणा होईल का? माझं मत विचाराल तर संमेलनातला तोच सर्वांत सुंदर भाग होईल.

परीक्षा आणि स्पर्धा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना शिस्त आहे आणि पुढच्या वयात त्या फार उपयोगी पडतात. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात हेही खरं. म्हणून दहावीपासून उलट वर्षं मोजत सातव्या वर्षी मुलाला प्रारंभिकच्या तयारीला बसवणारे पालक मला भेटतात. त्या मुलाला रागाचा आरोह-अवरोह, वादी-संवादी घडाघडा येतं, पण तोच राग समोर गायला तर ओळखता येत नाही. जे कानात गेलं नाही ते तोंडपाठ करून काय उपयोग? दोन-तीन वर्षं नुसतं भरपूर ऐकू द्या, गाऊ द्या. मग नवव्या-दहाव्या वर्षी तेच मूल परीक्षेचा अभ्यास झपाट्यानं उचलतं.

टीव्हीवरच्या छोट्या गायकांचं कौतुक मलाही आहे. पण ती अपवादात्मक मुलं असतात, आणि अपवादाकडे बोट दाखवून आपल्या लेकराला जोखणं हा अन्याय आहे. कुमार गंधर्वांचं उदाहरण घ्या. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा लहान वयात मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गायचा आणि गर्दी जमवायचा. त्यांनाही नंतर मुंबईला देवधर मास्तरांकडे वर्षानुवर्षं बसून शिकावं लागलं. हुबेहूब गाता येणं हा शेवट नव्हता, तिथून शिकणं सुरू झालं. ज्यांच्याकडे इतकं उपजत होतं त्यांची ही कथा, तर आपल्या सात वर्षांच्या मुलीनं पाहुण्यांसमोर ‘एक गाणं म्हणून दाखव’ म्हटल्यावर पडद्यामागे लपावं, यात रागावण्यासारखं काहीच नाही.

गाण्यानं गणित सुधारतं का, बुद्धी वाढते का, हेही विचारलं जातं. 1993 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मोझार्टच्या संगीतावरचा एक छोटा प्रयोग छापून आला आणि जगभर गाजला. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता आणि दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकणारा होता. त्यावरून तान्ह्या बाळांना मोझार्ट ऐकवायची लाट आली, पुढच्या तपासण्यांत त्या दाव्यातलं फारसं काही उरलं नाही. गणितासाठी गणित करा. गाणं गाण्यासाठी करा. एकत्र गाताना मूल दुसऱ्याचं ऐकायला शिकतं, आपला आवाज त्यात मिसळायला शिकतं, मनातलं बाहेर काढायला त्याला एक वाट मिळते. मला तरी याहून वेगळं कारण लागत नाही.

घरी काय करता येईल? गा. सूर लागो न लागो, गा. भाजी निवडताना, आंघोळ घालताना, गाडीवर पुढे बसवून नेताना. बाबांनी तर नक्कीच, कारण मुलगे वडिलांकडे पाहून ठरवतात की गाणं हे आपलं काम आहे की नाही. मुलाला तुमच्या आवाजात दोष दिसत नाही. स्पीकरवर लावलेलं उत्तम गाणं कानावर पडावंच, पण आईच्या गळ्यातल्या साध्या ओवीशी मूल आवाज मिळवून पाहतं, स्पीकरशी क्वचितच. वाद्य घ्यायची घाई नको. आपोआप ठेका वाजवणारा कीबोर्ड आणण्याआधी टाळांची एक जोडी आणा. तबल्यासाठी हात जरा भरू द्या, मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. पेटीवर सूर आयता मिळतो, म्हणून कधीकधी ती बंद ठेवून फोनवरचा तानपुरा लावा आणि मुलाला त्यावर नुसता सा शोधू द्या.

राहिली शाळा. शिक्षण हक्क कायद्यानं कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली आहे ती सहावी ते आठवीला, आणि तीही शंभरावर पट असेल तिथे. पहिली ते पाचवीला स्वतंत्र संगीत शिक्षक मिळण्याची हमी कुठेच नाही. त्यामुळे जे करायचं ते वर्गशिक्षकांनीच, आणि ते त्यांना जमतं. दहा-बारा बालगीतं नीट येणं, मुलांच्या सुरात ती सुरू करणं आणि ओरडू न देणं, एवढी पुंजी पुरते. त्याच कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हायला हवं. रोज पंधरा मिनिटं गाण्याला दिली तर वर्षाचे 50 तास होतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. पुढच्या सभेत पोषण आहार, पाणी, स्वच्छतागृह या विषयांबरोबर हाही विषय मांडा: रोज पंधरा मिनिटं, वेळापत्रकात छापून, पूर्ण वर्गाचं गाणं, आणि मागच्या रांगेत ओठ हलवायला कुणालाही उभं करायचं नाही. तुम्ही मागितलंत तर शाळा देईल.